तुम्ही जेवत राहा

मी दारू पीत नाही. हे फुशारकीनं सांगत नाही. आमच्या घरात कुणी पीत नव्हतं आणि मलाही कधी इच्छा झाली नाही, एवढंच. त्यामुळं वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत बार आतून कसा असतो ते मी पाहिलं नव्हतं. कराडात तेव्हा एक-दोन होते, पण त्यांच्या दारात ओळखीचं कुणी दिसलं तर आपणच मान खाली घालून पुढं जायचं, अशी रीत होती.

वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत मी मेकॅनिक होतो. कारखान्यांतून जमिनीत बसवलेले मोठे काटे असतात, भरलेला ट्रक उभा राहिला की ट्रकसकट वजन दाखवणारे. ते बिघडले की खाली खड्ड्यात उतरायचं, गंज घासायचा, ज्यांवर सगळा तोल असतो त्या पात्यांना धार आहे का बघायचं, पुन्हा जुळवून द्यायचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत आमचे काटे बरेच होते. ऐंशी सालानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत मी महिन्या-दोन महिन्यांनी नव्या मुंबईला जायचो. वाशीला एका लॉजवर उतरायचो. तेव्हाची वाशी म्हणजे रुंद रस्ते, आकडे लिहिलेल्या सारख्या बिल्डिंगा, आणि मधेच मोकळी रानं. खाडीचा वारा सुटला की सगळीकडं चिखलाचा वास यायचा.

त्या दिवशी सकाळी तुर्भ्याच्या एका कारखान्याचं काम आटपलं. दुपारी तीनला दुसरीकडं जायचं होतं. कारखान्याचं कॅन्टीन बंद होतं म्हणून तिथले स्टोअरकीपर म्हणाले, "वाशी डेपोसमोर जा. राइस प्लेट चांगली मिळते. बार आहे, पण पुढं फॅमिलीवालेही बसतात."

बार आहे म्हटल्यावर मी थोडा थबकलो. पण भूक लागली होती आणि ऊन रणरणत होतं. गेलो.

पुढच्या भागात जागा नव्हती. दोन-तीन कुटुंबं जेवत होती. गल्ल्याजवळच्या टेबलाशी एक हवालदार टोपी बाजूला ठेवून जेवत होते. वेटर म्हणाला, "साहेब, आत बसा. आत एसी आहे." त्यानं काचेचं दार ढकललं आणि मी आत गेलो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत भर दुपारी अंधार. लाल बल्ब, कोपऱ्यात माशांची पेटी, टेपवर हळू आवाजात गाणी. क्षणभर काही दिसेना. मग दिसलं, की इथंही सगळी टेबलं भरलेली आहेत. भिंतीकडेच्या एका टेबलाशी मात्र एकच गृहस्थ बसले होते.

"बसा, बसा," तेच म्हणाले. "मी काय अख्खं टेबल घेऊन आलो नाय."

साठीच्या आसपासचे असतील. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवलेली. हाताची बोटं जाड, नखं दगडासारखी. पुढ्यात एक ग्लास आणि तळलेल्या बोंबलांची प्लेट. मी हत्यारांची पिशवी टेबलाखाली सरकवली आणि बसलो.

"कुठले तुमी?"

"कराडचा."

"म्हंजे उसाकडचे." त्यांनी ओळख पटल्यासारखी मान हलवली. "आमचा भात होता. बोनकोड्याला. आता तिथं बिल्डिंगा हायत."

त्यांना वाईट वाटत असेल असं समजून मी काहीतरी बोललो, की जमीन जाणं म्हणजे अवघडच. ते हसले. "काय अवघड? चाळीस वर्सं गुडघाभर चिखलात काढली मी. चिखल गेला तर रडू काय? पोरगा शिमेंट विकतो. भाडेकरू हायत. बसून खातो."

मग जरा पुढं वाकून म्हणाले, "घरी म्हायती नाय मी इथं हाय ते. सोसायटीच्या हापिसात जातो म्हनून सांगितलंय. बायकोनं देवीची शपथ घातली हाय. डागदर पन नको बोलतो, छातीचं दुखनं हाय ना. पन आठवड्यातून एकदा," त्यांनी एक जाड बोट वर केलं, "येक. दुसरा नाय."

माझी राइस प्लेट आली. त्यांनी विचारलंही नाही. आपल्या प्लेटीतला एक बोंबील उचलून माझ्या ताटात ठेवला. आमच्याकडं मटण खातात, पण खाडीचा मासा मला माहीत नव्हता. मी काटा शोधायला लागलो तर म्हणाले, "काटा काढू नका. चावून खावा. बोंबलाला काट्याचं भ्या नाय." मी खाल्ला. वरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. मी "वा" म्हटलं.

"हा काय बोंबील!" ते म्हणाले. "आमच्या घरच्या बोंबलाची..."

आणि थांबले.

मी चपाती मोडत होतो. मला वाटलं, ते शब्द शोधतायत. वर पाहिलं तर त्यांची हनुवटी छातीवर टेकलेली. मांडीवरची टोपी खाली पडली. ती उचलायला वाकतायत असं वाटून मीच ती उचलली आणि त्यांच्या हातात दिली. हातानं ती घेतली नाही.

"काका," मी म्हटलं. "ओ काका."

वेटर आला. मला डोळा मारून म्हणाला, "काका, येकाच पेगात?" मग त्यानं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि त्याचा चेहरा बदलला. तो गल्ल्याकडं गेला.

मालक आले. सफारी घातलेला, कपाळाला गंध लावलेला, शांत चेहऱ्याचा माणूस. त्यांनी दोन बोटं काकांच्या नाकाखाली धरली, मनगट धरलं, सोडलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"तुमच्याबरोबर आहेत?"

"नाही. मी आत्ताच... डॉक्टरला बोलवा ना!" मी उठायला लागलो. माझा आवाज मोठा झाला असणार, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. हात हलकाच होता, पण मी बसलो.

"हळू, साहेब. बाहेर हवालदार जेवतोय. त्याला कळलं की पंचनामा, पोलीस, सगळं आलं. माझा बार बंद होईल. आणि पहिला साक्षीदार तुम्ही. कराडहून तारखांना याल का?"

मी कराडचा हे त्यांना कसं कळलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. वेटरनं ऐकलं असेल.

"पण यांना..."

"ते गेले, साहेब. गेलेल्याला कसली घाई? मागं दार नाही माझ्याकडं, त्याच्या समोरूनच न्यावं लागेल. तो उठला की पाच मिनिटांत डॉक्टरकडं. तोवर तुम्ही जेवत राहा. नुसते बसलात तर लोक बघतील."

मालक गल्ल्याकडं परतले. वेटरनं काकांची खुर्ची जराशी भिंतीकडं वळवली, टोपी डोक्यावर ठेवून पुढं डोळ्यांवर ओढली आणि ग्लास उचलून नेला. लांबून पाहणाऱ्याला एक म्हातारा जेवणानंतर डुलकी काढतोय असं दिसलं असतं. शेजारच्या टेबलावर तीन-चार सेल्समन कसल्या तरी ऑर्डरवरून हसत होते.

आणि मी जेवत राहिलो.

याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. हे लिहिताना मी किती वेळा थांबलो. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. एका अनोळखी माणसानं खांद्यावर हात ठेवून जेवत राहा म्हटलं आणि मी चपातीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. गिळला. पुन्हा मोडला. समोर तो माणूस. त्यांनी दिलेल्या बोंबलाचा अर्धा तुकडा माझ्या ताटात. मी तो सोडून भोवतालचं खात होतो.

भिंतीवरच्या घड्याळात एक वीस झाले होते.

वेटर मधूनमधून येऊन कानाशी सांगून जायचा. "भात घेतला त्यानं." मग, "आता होईल." मग, "दही मागवलंय." त्या दह्याचं ऐकून मला हसू येईल की काय अशी भीती वाटली. मी पाणी प्यालो.

एकदा समोरून आवाज आला. घशातून येतो तसा, घरघर म्हणावी इतकाही नाही, बारीक. की एसीचा होता? एसी जुना होता, पाणी ठिबकत होतं, मधूनच खरखरायचा. मी वेटरकडं पाहिलं. वेटरही त्यांच्याकडंच पाहत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तो पाण्याचा जग घेऊन दुसऱ्या टेबलाकडं गेला.

एक पस्तीसला हवालदार उठले. बडीशेप तोंडात टाकून, टोपी घालून बाहेर पडलेले मी काचेतून पाहिले.

मालकांनी काकांचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरा मी. वेटरनं कंबर धरली. दारू चढलेल्या माणसाला न्यावं तसं आम्ही त्यांना पुढच्या भागातून नेलं. पाय जमिनीवर घासत होते. त्यांची एक चप्पल मागं राहिली, वेटरनं ती उचलली. एका टेबलावरच्या बाईनं पदर नाकाला लावला. तिचा नवरा आपल्या मुलांना म्हणाला, "बघितलंत? दारू प्यायली की असं होतं." मुलं घास हातात धरून आमच्याकडं बघत राहिली.

बाहेर सोड्याच्या बाटल्यांचा टेम्पो उभा होता. त्यात घातलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं होता. दोन गल्ल्या! टेम्पोला तीन मिनिटंही लागली नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना ओळखलं, कारण त्यांचं औषध तिथलंच होतं. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, पापण्या उघडून बघितल्या. मालक मागून म्हणाले, "रस्त्यात पडले, डॉक्टर. डेपोसमोर. या साहेबांनी उचललं."

डॉक्टर तोंडाजवळ वाकले होते. तसेच क्षणभर थांबले. वास आला असणार. मग माझ्याकडं वळून विचारलं, "किती वेळ झाला?"

"आत्ताच," मी म्हणालो.

तेवढा एकच शब्द मी बोललो. कुणी शिकवला नव्हता. तोंडातून आपोआप आला.

डॉक्टरांनी मालकांच्या सफारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "संपलंय," म्हणाले. छातीचा जुना आजार होता, कागदपत्रं त्यांच्याकडंच होती, त्यामुळं दाखल्याला अडचण आली नाही. कंपाउंडरला त्यांनी मुलाच्या दुकानावर पिटाळलं. मालक माझ्या कानाशी "दुकान उघडं टाकून आलोय, साहेब" असं म्हणून निघून गेले. चप्पल तेवढी बाकड्याखाली नीट ठेवून गेले.

मुलगा मोटारसायकलवर आला. माझ्याच वयाचा. शर्टावर सिमेंटची भुकटी. बापाच्या छातीवर डोकं ठेवून तो रडला, आणि उठला तो थेट माझ्याकडं. माझे दोन्ही हात धरले.

"इतकी मान्सं हायत डेपोवर. कोनी नाय थांबला. तुमी थांबलात."

मी हात सोडवून घेत होतो तर तो आणखी घट्ट धरायला लागला. "तुमी चला घरी. आईला तुमी सांगा. मला नाय जमायचं."

मुलानं टेम्पो ठरवला आणि असा मी त्यांच्या घरी गेलो. बोनकोड्यात जुनं कौलारू घर आणि त्याला खेटून नवी दोन मजली इमारत, भाड्याच्या खोल्यांची. टेम्पो थांबला तेव्हा त्यांची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. ठेंगणी, काळीसावळी, नाकात जाड चमकी. आधी तिनं मुलाचं तोंड पाहिलं, मग टेम्पोत पाहिलं. किंचाळली नाही. सूप बाजूला ठेवलं, त्यातले तांदूळ सांडू न देता.

"कुठं पडले?" तिनं मला विचारलं.

"डेपोसमोर."

"उन्हात?"

"हो."

"पानी मागितलं?"

"नाही."

"काय बोलले?"

"काही नाही."

"येकलेच व्हते?"

"मी होतो," मी म्हणालो. एवढं खरं होतं.

मग ती रडायला लागली. आळीतल्या बायका धावत आल्या. मुलगा सगळ्यांसमोर वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. मी मागं सरलो, तर एक म्हातारे म्हणाले, "भला मानूस हाय. लाजतो."

निघाल्यावर आठवलं, हत्यारांची पिशवी बारमध्येच राहिली. तिच्याशिवाय तीनचं काम होणार नव्हतं. गेलो. काचेचं दार ढकललं. त्याच टेबलाशी दोन माणसं बसली होती. काकांच्या खुर्चीवर एक तरुण गृहस्थ, तोंडात घास. टेबलावर नवा टेबलक्लॉथही नव्हता, तोच होता, आमटीचा डाग पडलेला. माझी पिशवी त्यांच्या पायांशी. "जरा पाय," असं म्हणून मी खाली वाकलो आणि ती ओढून काढली. गल्ल्यावरून मालक म्हणाले, "चहा घेणार, साहेब?" आवाजात काही खोट नव्हती. माणुसकीनंच विचारत होते ते. मी बाहेर आलो आणि डेपोच्या भिंतीशी जाऊन ओकलो.

तीनला मी खड्ड्यात उतरून काटा दुरुस्त केला. बरोबर केला. सही घेतली.

घरी कुणाला सांगितलं नाही. मुलानं माझा पत्ता घेतला होता. आठवड्यात कार्ड आलं, बाराव्याला यावं, आपण परमेश्वरासारखे धावून आलात. मी गेलो नाही. पण जेवायला बसलो की त्रास व्हायला लागला. समोर कुणी बसलं की घास फिरायचा. मी भिंतीकडं तोंड करून जेवू लागलो. आईला वाटलं, लग्न लांबतंय म्हणून रुसलोय. तिनं दोन स्थळं आणखी पाहिली.

नव्या मुंबईचं काम मी दुसऱ्याकडं ढकलत राहिलो. सहा-सात महिन्यांनी ढकलता येईना. तुर्भ्याचं काम संपवून मी पायीच बोनकोड्याला निघालो. बारच्या रस्त्यानं नाही, लांबून.

त्यांची बायको अंगणात जवळा पसरत होती. वाळलेली बारीक कोळंबी, सुपात घेऊन खडे-कचरा निवडत होती. मला ओळखलं तेव्हा चेहरा उजळला. "या! सून चा ठेवते. पोरगा दुकानात हाय. तुमची गोष्ट येनाराजानाराला सांगतो तो."

मी ओट्याच्या कडेला बसलो. सून आत गेली. मी म्हटलं, "काकी, ते डेपोसमोर पडले नव्हते."

तिचे हात सुपात फिरत राहिले. "म्हायती हाय मला," ती म्हणाली. "आंगावरचा शर्ट मी काढला. दारूचा वास मला नवा नाय."

मी तिच्या हातांकडं बघत राहिलो.

"पोराला नाय बोलले. बापानं देवीची शपथ मोडली म्हनून पोरगा मनाला लावून घेल. मीच देवीला जाऊन नारल फोडला, बोलले, माफ कर त्याला." मग हळूच, कुणी ऐकत नाही ना ते बघून, "तुमी तिथं व्हता?"

"एकाच टेबलावर."

"किती प्यायले?"

"एक. दुसरा नाही म्हणाले."

"खाल्लं काय?"

"बोंबील. मलाही दिला एक, आपल्या ताटातला."

"तिथला बोंबील!" तिनं नाक मुरडलं. "तेलात पोहतो नुसता."

"तेच म्हणत होते. म्हणाले, हा काय बोंबील, आमच्या घरच्या बोंबलाची..."

"म्होरं?"

"पुढं बोलले नाहीत. तिथंच थांबले."

सूप तिच्या मांडीवर टेकलं. ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. पदरानं पुसत म्हणाली, "म्हंजे शेवटाला माजं नाव काडलं म्हना की." आणि पुन्हा हसली. मला वाटलं, इथंच थांबावं. या बाईला जे हवं होतं ते मिळालं. चहा घ्यावा आणि जावं. पण मी तेवढ्यासाठी आलो नव्हतो.

मी सगळं सांगितलं. हवालदार, मालक, खुर्ची भिंतीकडं वळवली ते, टोपी. एक वीस ते एक पस्तीस. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं होता हेही सांगितलं. आवाज आला की नाही ते नक्की नाही, हेसुद्धा.

ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "आनि तुमी काय करत व्हता तवा?"

"जेवत होतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. माणूस चुकून दुसऱ्याच घरात शिरल्यावर पाहतो तसं, हे काय आणि मी कुठं आहे असं.

"जिता व्हता का तो तवा?"

"माहीत नाही, काकी."

ती उठली. जवळ्याचं सूप तसंच जमिनीवर ठेवून आत गेली. मी बसून राहिलो. आत कपबश्यांचा आवाज येत होता, तो थांबला. थोड्या वेळानं सून दारात आली. हातात चहा नव्हता. गोंधळलेली दिसत होती बिचारी.

"आई बोलल्या," ती म्हणाली, "तुमी जावा आता."

मी चपला घातल्या आणि निघालो.

तिथून सरळ त्या दवाखान्यात गेलो. रांगेत बसलो, नंबर आला. डॉक्टरांनी मला ओळखलं. मी म्हटलं, "त्यांना मी पंधरा मिनिटांनी आणलं होतं. पंधरा मिनिटं ते तिथंच खुर्चीत होते. तेव्हा त्यांच्यात जीव होता का?"

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. "त्या दिवशी तुम्ही खरं बोलला असतात, तर कदाचित काही सांगता आलं असतं," ते म्हणाले. "आता नाही सांगता येणार. कुणालाच." मग आवाज खाली आणून, "आत्ताच झालं नाही हे मला दिसत होतं. मीही विचारलं नाही. माझा दवाखानाही इथंच चालवायचा होता मला." आणि त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

पुढच्या वर्षी मी फिरतीचं काम सोडून कराडच्या वर्कशॉपमध्ये बदली मागून घेतली. लग्न झालं. बायकोला मी हे लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून ती जेवताना माझ्या समोर न बसता शेजारी बसू लागली. हळूहळू मला पुन्हा जेवता यायला लागलं.

काकींच्या मुलाची कार्डं मात्र येत राहिली. दिवाळीला, संक्रांतीला. म्हणजे आईनं त्याला सांगितलं नव्हतं. प्रत्येक कार्ड वाचताना मला वाटायचं, या वेळी लिहिलं असेल. कधी लिहिलेलं नसायचं. मी उत्तरादाखल दोन ओळी खरडायचो, आणि आपण हे खोटंच पुढं चालवतोय हे कळत असायचं. पण तिनं लपवलेलं मी उघड करावं, हा हक्क मला नव्हता.

चार-पाच वर्षांनी त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आली. छापील पत्रिकेच्या मागं त्यानं पेनानं लिहिलं होतं. ते शब्द माझ्या लक्षात आहेत तसे देतो:

"आई बोलते त्यांना बोलवू नको. का बोलते ते सांगत नाही. वय झालं, काहीतरी डोक्यात घेते. तुम्ही मनावर घेऊ नका. बाबांच्या शेवटच्या वेळेला तुम्ही जवळ होता, म्हणून तुम्ही आमच्या घरातलेच. यावे."

मी ती पत्रिका बायकोला दाखवली. तिनं वाचून परत दिली. "जाणार?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

आहेर म्हणून एक साडी पोस्टानं पाठवली. पंधरा दिवसांनी ती तशीच परत आली. पार्सलवर पोस्टाचा शिक्का होता, आणि त्यावर कुणीतरी वेड्यावाकड्या, लिहायची सवय नसलेल्या हाताच्या अक्षरांत "नको" एवढंच लिहिलं होतं. त्यानंतर मुलाचं कार्ड आलं नाही.